रूळ सोपे, पाणी अवघड : माथेरानची बंद पडलेली गाडी पुन्हा कशी सुरू होते

पावसाळा सरत आला की नेरळ स्टेशनवर एक प्रश्न हमखास कानावर पडतो. कर्जत लोकलमधून एखादं कुटुंब उतरतं. पाठीला सॅक, हातात पाण्याच्या बाटल्या, कडेवर पोर. समोर दिसेल त्याला विचारतं, "मिनी ट्रेन चालू झाली का हो?" उत्तर बहुतेक वेळा असतं, "वरून आहे, खालून नाही." वरून म्हणजे अमन लॉज ते माथेरान. खालून म्हणजे इथून, नेरळपासून. मग मंडळी बाहेर येऊन दस्तुरीच्या, म्हणजे माथेरानच्या वेशीवरच्या गाडीतळाच्या, टॅक्सीत बसतात, आणि घाट चढताना कोणीतरी म्हणतंच, "एवढीशी गाडी, खेळण्यातले वाटावेत असे रूळ. उचलून ठेवायला लागतात तरी किती दिवस?"

मीही हे म्हणालेलो आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये अतिवृष्टीत या मार्गाचा खालचा टप्पा जागोजागी वाहून गेला, आणि नेरळहून गाडी पुन्हा वर निघाली ती 22 ऑक्टोबर 2022 ला. तीन वर्षांहून जास्त. मूळ मार्ग 1904 ते 1907 या काळात, कोऱ्या डोंगरावर, जवळजवळ तेवढ्याच वेळात बांधून झाला होता! मग दुरुस्तीला एवढा वेळ? या प्रश्नाचं उत्तर शोधताना लक्षात आलं की रूळ हा या कामातला सगळ्यात सोपा भाग आहे. खरं काम पाण्याचं असतं.

## गाडी नेमकी आहे काय

अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी ही रेल्वे बांधली, वडील सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशांतून. खर्च आला 16 लाख रुपये. नेरळ समुद्रसपाटीपासून जेमतेम चाळीसेक मीटर उंचीवर, आणि माथेरान आठशे मीटरच्या आसपास. मधली चढण ही गाडी साधारण वीस किलोमीटरचा वळसा घेत पार करते. वाटेत जुम्मापट्टी, वॉटर पाइप आणि अमन लॉज ही स्टेशनं लागतात. वॉटर पाइप हे नाव वाफेच्या इंजिनांच्या काळातलं. धापा टाकत आलेली इंजिनं तिथे पाणी प्यायची.

दोन शब्द आधी समजून घेऊ.

पहिला, गेज. म्हणजे दोन रुळांमधलं अंतर. मुंबईच्या लोकलचं गेज 1676 मिलिमीटर, माथेरानच्या गाडीचं 610 मिलिमीटर, म्हणजे दोन फूट. अंतर कमी ठेवलं की गाडी अरुंद होते, वळणं आवळता येतात आणि डोंगर कमी कापावा लागतो. घाटात एसटीची बस जिथे मागे-पुढे करत राहते, तिथून बाइकवाला सहज निघून जातो, तसंच हे.

दुसरा, चढाचं प्रमाण. इथे ते कमाल वीसास एक आहे. वीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. हे फार नाही असं वाटत असेल तर बोरघाट आठवा. तिथलं प्रमाण सदतीसास एक, आणि तेवढ्यासाठीही कर्जतला गाडीला मागून जादा इंजिनं लावतात. माथेरानची चढण त्याच्या जवळजवळ दुप्पट, आणि तीही साध्या चाकांवर. निलगिरीच्या रेल्वेला चढावर दातेरी पट्टीचा आधार आहे. इथे तसं काही नाही. लोखंडावर लोखंड, त्यांच्यातल्या घर्षणावर सगळा भरवसा.

वळणांवर आणखी एक गंमत. रेल्वेची दोन चाकं एका आसावर पक्की बसवलेली असतात, ती स्वतंत्र फिरत नाहीत. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं, आतल्याला कमी. एका दोरीने बांधलेली दोन माणसं गोल फिरत असतील तर बाहेरच्याला पळावं लागतं, तसं. चाकं किंचित निमुळती घडवून हा फरक सांभाळतात, पण वळण फारच आवळलेलं असलं की तेही पुरत नाही आणि चाक रुळाला घासतं. माथेरानच्या गाडीतला तो कानात जाणारा किरकिराट हाच. म्हणून इथली जुनी जर्मन इंजिनं खास पोकळ आसांची होती, चाकांना थोडं इकडे-तिकडे सरकू देणारी. अशी चार इंजिनं होती. आज त्यांतलं एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे, आणि एक तर थेट इंग्लंडला पोचलं.

## मार्ग "वाहून जातो" म्हणजे काय होतं

डोंगराच्या कुशीतून रेल्वे न्यायची तर सपाट पट्टी लागते. ती मिळवायची जुनी रीत म्हणजे डोंगराच्या बाजूने खाच कापायची आणि निघालेले दगड-माती दरीच्या बाजूला रचायची. त्या रचलेल्या भागाला भराव म्हणतात. म्हणजे गाडीचा एक रूळ बऱ्याच ठिकाणी अस्सल डोंगरावर असतो आणि दुसरा माणसाने रचलेल्या मातीवर. भरावाच्या वर खडी, खडीवर आडवे स्लीपर, स्लीपरवर रूळ.

आता यात पाणी आणा. माथेरानच्या डोक्यावर जांभ्याची टोपी आहे आणि खाली काळा कातळ. जांभा सच्छिद्र, तो पाणी पितो. कातळ पीत नाही. त्यामुळे मुरलेलं पाणी दोघांच्या सांध्यातून झिरपत बाहेर येतं, आणि पृष्ठभागावरून धावणारं पाणी वेगळंच.

पाणी किती, याचा अंदाज घ्या. एक हेक्टर जमिनीवर 100 मिलिमीटर पाऊस पडला तर 10 लाख लिटर पाणी जमा होतं. दहा हजार लिटरचे शंभर टँकर! दहा हेक्टर उताराचं पाणी एका ओहोळात येत असेल आणि त्यातलं फारसं काही मुरलं नाही, तर दिवसभर दर दीड मिनिटाला एक टँकर रिकामा केल्यासारखं होतं. सह्याद्रीत जुलै-ऑगस्टमध्ये दिवसाला 100 मिलिमीटर म्हणजे काही जगावेगळा पाऊस नव्हे.

हे सगळं पाणी रुळांखालून पलीकडे जायला हवं. त्यासाठी मोऱ्या असतात, म्हणजे भरावाच्या पोटातून काढलेल्या लहान वाटा. मोरी साफ असली तर पाणी मुकाट्याने जातं. तिच्या तोंडाशी पालापाचोळा, दगड आणि आपण गाडीतून फेकलेल्या बाटल्या अडकल्या की पाणी तुंबतं, चढतं आणि रुळांवरून वाहायला लागतं. आधी खडी जाते. मग भरावाच्या दरीकडच्या कडेला घळ पडते आणि ती आतआत सरकत येते. भाकरीचं पीठ मळताना थोडं पाणी त्याला धरून ठेवतं, जरा जास्त झालं की तेच पीठ हाताला चिकटून ओघळतं. मातीचंही अगदी तसंच.

शेवटी भराव जातो आणि रूळ राहतात. दोन रूळ आणि त्यांना लटकलेले स्लीपर, खाली नुसती पोकळी, जणू दरीवर टाकलेली दोरीची शिडी. बातम्यांमध्ये हाच फोटो येतो, आणि तो पाहून आपल्याला वाटतं, रूळ तर शाबूत आहेत की! रूळ शाबूतच असतात, गेलेला असतो तो त्यांच्याखालचा डोंगर.

## थोडंसं खचलं तर काय बिघडतं?

इथे अरुंद गेजची दुसरी बाजू समोर येते. समजा, एका बाजूचा रूळ 25 मिलिमीटर खचला. बोटाच्या एका पेराएवढा. लोकलच्या रुंद रुळांवर डबा त्यामुळे एका अंशाहून कमी कलेल. माथेरानच्या दोन फुटी रुळांवर तोच डबा सव्वादोन अंशांपेक्षा जास्त कलतो. चूक तेवढीच, परिणाम पावणेतीन पट. त्यात वळण, उतार आणि खिडकीबाहेर दरी. ज्या बाजूला देखावा, त्या बाजूला माणसंही झुकतात.

2016 च्या मे महिन्यात आठवड्याच्या आत दोनदा डबे घसरले आणि सेवा थांबवली गेली. वरची शटल, म्हणजे अमन लॉज ते माथेरान ये-जा करणारी गाडी, 2017 च्या अखेरीकडे आणि पूर्ण मार्ग 2018 च्या सुरुवातीला सुरू झाला. म्हणजे 2019 च्या पावसाने हा मार्ग तोडला तेव्हा तो धडधाकट होऊन दीडच वर्ष झालं होतं. त्याआधी 2005 च्या त्या भयंकर पावसाळ्यातही तो उद्ध्वस्त झाला होता आणि 2007 च्या मार्चमध्ये, शंभरी भरता भरता, पुन्हा उभा राहिला. पंधरा वर्षांत तीन वेळा लांबलचक बंद. ही काही अपघातांची मालिका म्हणून सोडून देता येत नाही. हा डोंगराचा स्वभाव आहे, आणि दुरुस्ती करणाऱ्याला तो धरूनच चालावं लागतं.

## दुरुस्तीचा क्रम : शिडीवर उभं राहून शिडी दुरुस्त करणं

सपाटीवर रस्ता खचला तर दोन्ही बाजूंनी डंपर येतात आणि काम सुरू होतं. इथे रुळांशेजारी रस्ता नाही. नेरळ-दस्तुरी घाटरस्ता काही ठिकाणी रुळांना भेटतो, एरवी तो त्याच्या वाटेने आणि रेल्वे आपल्या वाटेने. मधल्या भागात सिमेंटची गोणी न्यायची तर ती रुळांवरूनच न्यायची. आणि रूळ तर तुटलेले. म्हणून खालून सुरुवात होते. पहिली तुटलेली जागा भरून काढायची, त्यावरून सामानाचा डबा पुढे ढकलायचा, मग दुसरी. पहिल्या जागेला उशीर झाला की पुढच्या सगळ्यांना उशीर. जेसीबी पोचत नाही तिथे फावडं आणि घमेलं.

काम करता येतं ते ऑक्टोबर ते जून एवढंच. पुढचा पावसाळा अर्धवट झालेल्या कामाला अजिबात सवलत देत नाही, उलट ओली, ताजी भर आधी घेऊन जातो. त्यात 2020 मध्ये करोना आला. शिवाय माथेरान 2003 पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. तिथल्या तिथे डोंगर फोडून दगड काढले, मोकळी जागा बघून राडारोडा लोटून दिला, असं चालत नाही, आणि चालूही नये.

आणखी एक गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही. मार्ग बंद ठेवणं हेच मार्गाचं नुकसान असतं. गाडी चालू असते तेव्हा गँगमन रोज पायी फिरतात, सैल झालेला बोल्ट आवळतात, मोरीतला दगड काढतात. बंद घरात वाळवी आधी शिरते ना, तसं बंद रुळांचं होतं. खडीत गवत उगवतं, गवताने माती धरली की खडीतून पाण्याचा निचरा थांबतो. भिंतीच्या सांध्यात पिंपळ-उंबर मुळं घालतात. म्हणून वीस ठिकाणी तुटलेला मार्ग तीन वर्षांनी हाती घेतला तर तो वीसच ठिकाणी तुटलेला नसतो.

## जाळीतला गडगा

2022 च्या दुरुस्तीत खचलेल्या कडांना गॅबियनचा आधार दिला गेला. शब्द परका असला तरी वस्तू आपल्या ओळखीची आहे. कोकणात कुंपणाला चुना-सिमेंट न लावता नुसते दगड रचून गडगा घालतात. तोच गडगा जाड तारेच्या जाळीच्या पेटीत भरला आणि अशा पेट्या एकमेकींवर रचल्या, की झालं गॅबियन.

सिमेंटची चांगली भक्कम भिंत का नाही, असं कोणालाही वाटेल. भिंत पाणी अडवते आणि अडलेलं पाणी भिंतीला ढकलतं. त्यासाठी तिला पाझरायला छिद्रं ठेवतात, पण ती बुजली की भिंत पोट काढते आणि एका पावसात आडवी होते. गॅबियनच्या आरपार पाणी जातं, दगड मागे राहतात. खालची जमीन थोडी खचली तर जाळी वाकते, पण तुटत नाही. आमच्या मावशीच्या परसातला गडगा मी लहानपणापासून पाहतोय. दर पावसात चार दगड निखळतात आणि दर दिवाळीला परत रचले जातात. शेजारची प्लास्टर केलेली भिंत दोनदा पडली.

त्याच कामात धोक्याच्या वळणांवर दरीच्या बाजूला अडथळे उभारले गेले, रूळ आणि स्लीपर बदलले. गाडीलाही पूर्वी नव्हते ते हवेच्या दाबाचे ब्रेक मिळाले होते, म्हणजे इंजिनातून सगळ्या डब्यांना एकदम ब्रेक लागतो. त्याआधी डब्याडब्यावरच्या ब्रेकमनने शिटी ऐकून हाताने चाक फिरवायचं, असा कारभार होता.

## सिमेंटचे स्लीपर घातले तर वारसा कसला उरला?

हा आक्षेप रेल्वेप्रेमी मंडळींचा, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. दार्जिलिंग, निलगिरी आणि कालका-सिमला या तिन्ही डोंगरी रेल्वे युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. माथेरान अजून प्रतीक्षेतल्या यादीत आहे. मग शंभर वर्षांपूर्वीचं सगळं उचकटून नवं बसवलं तर यादीत जाणार काय?

जुन्या वाड्याचं उदाहरण घ्या. कौलं दर काही वर्षांनी बदलतात, वासा किडला की वासा बदलतात. तरी तो वाडा तोच असतो, कारण चौक, सोपा आणि माजघर जागच्या जागी असतात. डोंगरी रेल्वेत ती जागा आखणीची आहे. मार्ग कुठून वळवला, ओढा कुठे ओलांडला, बोगदे टाळून कडेकडेने चढ कसा काढला, ही त्या काळच्या सर्वेक्षकांची बुद्धी. अख्ख्या मार्गावर बोगदा एकच, तोही इतका छोटा की त्याला "वन किस टनेल", म्हणजे एका चुंबनापुरता बोगदा, म्हणतात. स्लीपर तर पहिल्या दिवसापासून झिजून बदलायसाठीच असतात.

पण माझी एक अट आहे. मोऱ्यांची जुनी दगडी बांधणी, स्टेशनांची रूपं, पाट्या, हातब्रेकची चाकं यांना "जुनंपानं" म्हणून भंगारात काढू नये. गाडीच्या सुरक्षेशी ज्याचा संबंध आहे ते बेलाशक बदला. ज्याचा नाही, ते राहू द्या.

## मग वरची शटल कशी चालते?

कारण माथा सपाट आहे. अमन लॉज ते माथेरान जेमतेम अडीच-तीन किलोमीटर, आणि तिथे डोक्यावर मोठा उतारच नाही, म्हणजे वरून येणारं पाणी नाही. खालच्या टप्प्यात प्रत्येक वळणावर डोंगराचं ओझं आणि त्यावरचं पाणी डोक्यावर असतं. म्हणून जूनच्या मध्याला नेरळ ते अमन लॉज दरवर्षी बंद ठेवतात आणि वर शटल चालू राहते. तंदुरुस्त मार्गही पावसात मुद्दाम बंद ठेवला जातो, याचा आपल्याला राग येतो. पण दरड वेळापत्रक बघून येत नाही, आणि ताशी वीस किलोमीटरच्या आत वेग असलेली गाडीसुद्धा ओल्या उतारावर लगेच थांबत नाही.

## रस्ता आहे, रोपवेही होईल. गाडी हवीच कशाला?

तिकिटांच्या पैशांतून या मार्गाचा खर्च निघत नाही, हे मान्यच करायला हवं. पण हिशेब नुसत्या तिकिटांचा नाही. माथेरानात मोटारींना बंदी आहे, गाड्या दस्तुरीलाच थांबतात. शनिवार-रविवारी त्या घाटात जी रांग लागते ती ज्याने पाहिली आहे, त्याला रेल्वेची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. गुडघे दुखणारी आजी, चाकाच्या खुर्चीतला माणूस, यांना गावात पोचवणारी ही वाट आहे. घोडा सगळ्यांना झेपत नाही. परवडत तर त्याहून नाही.

रोपवे माणसांना मिनिटांत वर नेईल, नेऊ दे की. त्याच्याशी या गाडीची स्पर्धा नाही, कारण तिच्यात बसणारा पोचायला बसत नाहीच. अडीच तासांच्या आसपास किरकिरत, थांबत जाण्यासाठीच लोक पहाटेची लोकल पकडून येतात.

माझा आक्षेप वेगळाच आहे. मार्ग तुटला की पैसा येतो, फोटो येतात, उद्घाटन होतं. मोऱ्या साफ ठेवायला मात्र माणसं कमी पडतात. मागच्या खेपेला जुम्मापट्टीच्या पुढे गाडी थोडी थांबली. दरीच्या बाजूला सगळे मोबाइल बाहेर निघाले. मी दुसऱ्या बाजूला होतो. दोघेजण मोरीच्या तोंडाशी वाकले होते, एक हातानेच कुजलेला पाला ओढून काढत होता, दुसऱ्याच्या घमेल्यात चिप्सची पाकिटं आणि सात-आठ बाटल्या. एकीत अजून अर्धं पाणी होतं. त्याने बूच उघडून ते पाणी झुडपावर ओतलं, बाटली चेपली आणि घमेल्यात टाकली. तेवढ्यात शिटी झाली.

## आत्ता जायचं असेल तर

नेरळहून गाडी सुरू आहे का, हे निघण्याआधीच पाहून घ्या. डबे थोडे, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी तिकिटं बघता बघता संपतात. खालचा टप्पा बंद असेल तर नेरळ स्टेशनबाहेरून टॅक्सीने दस्तुरी, तिथून थोडं चालत अमन लॉज आणि मग शटल. तेही जमलं नाही तर रुळांच्या कडेकडेने सावलीतून पायी जाता येतं. माथेरानकर रोज तसेच जातात, डोक्यावर ओझं घेऊन. पांढरे बूट मात्र घालू नका, जांभ्याची लाल धूळ धुतल्याने जात नाही.